वाचकांचे प्रश्न : एकट्या राहिलेल्या आईचं दुखणं

मागच्या अंकात गुडघेदुखीवर लिहिलं, आणि टपालात पत्रं आली ती वेगळ्याच दुखण्याची. आई, सासू, आजी. वडील किंवा आजोबा गेलेले, मागे राहिलेली बाई साठी-सत्तरीची. काही पत्रं त्यांनी स्वतः नातवाकडून लिहून घेतली आहेत. खानदेशातल्या खेड्यांत आधी आरोग्य सेविका आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून नोकरी करताना अशा घरांच्या ओट्यावर मी पुष्कळ बसले आहे, म्हणून या वेळी सगळी जागा याच पत्रांना देते. नावं आणि गावं काढली आहेत.

प्रश्न : मी सुरतला उधन्यात कापडाच्या कारखान्यात आहे. आई अमळनेर तालुक्यात गावी एकटी राहते, वय 71. वडील जाऊन दोन वर्षं झाली. दर महिन्याला पैसे पाठवतो. पण दर खेपेला ती आणखी वाळलेली दिसते. विचारलं की म्हणते, ‘माले काय व्हस? मी बरी शे.’ शेजारची काकू सांगते की ती सकाळी एकदाच चूल पेटवते आणि तीच भाकर रात्री खाते. गावातल्या डॉक्टरांकडून ताकदीच्या दोन-तीन सलाईन लावून घ्याव्यात का?

उत्तर : भाऊ, सलाईन लावू नका. अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. बाकी पाणी. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर ती बाटली जीव वाचवते, पण नुसत्या अशक्तपणाला तिचा उपयोग नाही. आईला शुगर असेल किंवा तिचं हृदय कमजोर असेल, तर उलट त्रास होईल. ते पैसे शेंगदाणे, डाळ, अंडी, दूध यांवर घाला.

‘माले काय व्हस’, म्हणजे ‘मला काय होतंय’, हे उत्तर मी घरोघरी ऐकलं आहे. जिने आयुष्यभर सगळ्यांना वाढून उरलेलं खाल्लं, ती नवरा गेल्यावर एकटीसाठी दुसऱ्यांदा तवा ठेवत नाही. तुमचे पैसे ती बहुधा खर्चच करत नसेल. पासबुक बघा, नातीच्या लग्नासाठी साठवत असेल. तेव्हा फोनवर विचारून काही कळणार नाही, बघावं लागेल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, याल तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढून या. डाळीचा आणि तेलाचा डबा उघडून बघा, महिन्याभरात किती हललाय ते. ब्लाउजच्या बाह्या किती सैल झाल्यात ते बघा. भाकर चावता येते का, की दुधात-वरणात कुस्करून गिळते? रात्री लघवीला किती वेळा उठते, अंधारात भिंत धरून चालते का? बीपीच्या गोळ्यांची पट्टी अर्धी भरलेली तशीच पडली आहे का? दोन दिवसांत हे सगळं तुम्हाला तिला न विचारता कळेल.

मग तिला घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा. पाठवू नका, घेऊन जा. एकटी गेली तर रांगेतूनच परत येईल आणि डॉक्टरसमोर बसली तरी ‘बरी शे’ हेच सांगेल. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि तपासण्यांना पैसे लागत नाहीत. शुगर, बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉईड सांगून करून घ्या. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकी तपासून घ्या. म्हातारपणी टीबी गाजावाजा न करता येतो, कधीकधी नुसतं वजन उतरतं. तोंड उघडून गाल, जीभ, हिरड्या बघायला सांगा. आपल्याकडच्या बायकांना मिसरीची सवय असते आणि न भरणारी जखम त्या कुणाला दाखवत नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. दिसत नाही म्हणून तांदूळ निवडणं बंद, मग स्वयंपाक कमी, मग खाणं कमी. याच वाटेने वाळत गेलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या अंगावर परत मांस चढलेलंही.

आई 71 वर्षांची आहे, तेव्हा तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड याच फेरीत काढा. 70 पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून ते मिळतं. आधार कार्ड पुरतं. योजनेतल्या रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांना वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रोजच्या ओपीडीच्या गोळ्यांना ते चालत नाही, हे आधीच माहीत असू द्या. बीपी-शुगरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून दरमहा मोफत घ्या.

तपासण्यांत काही निघालं नाही तर ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. मन खचलं तरी माणूस वाळतं. पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप लागत नाही, पूर्वी आवडीने जायची त्या भजनाला जात नाही, संध्याकाळी ओट्यावर बसणं बंद केलंय, बोलताना ‘आता बस झालं’ वारंवार येतं. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर तुम्ही सुरतहून मराठीत बोलू शकता, पैसे लागत नाहीत.

रोजचं जेवण मात्र सुरतहून होणार नाही, त्याला गावातलंच माणूस लागेल. ज्या काकूने तुम्हाला ही खबर दिली, तिच्याशीच बोला. दोघींनी रात्रीची भाकर एकत्र थापावी, पीठ-डाळ तुमच्याकडून. काकूला पैसे द्यायला गेलात तर ती घेणार नाही, किराणा दुकानात दोन्ही घरांचं खातं मांडा. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, ती वाळलेल्या शरीराला नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा चांगली. आशाताईंना आईचं नाव देऊन ठेवा, त्यांच्या फेरीत त्या दारात थांबतील. न्हाणीकडे जाणाऱ्या वाटेवर रात्रभर जळणारा एक बल्ब लावा आणि भिंतीला धरायला पाइप ठोका. या वयात खुबा मोडला की बऱ्याचदा अंथरूण सुटत नाही.

एक मनापासून सांगते. तिला उधन्याच्या एका खोलीत ओढून नेऊ नका. तिची इच्छा असेल तर आनंदाने न्या. पण तुमची काळजी मिटावी म्हणून तिला गावातून उपटलंत, तर तिथे दिवसभर बंद दाराआड ती आणखी मिटेल. उन्हाळ्यापुरती मात्र काळजी घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं, घर ते सोसायचं, पत्र्याच्या खोलीत दुपारी म्हातारं माणूस भाजून निघतं. दुपारी ती कुणाच्या धाब्याच्या घरात किंवा देवळात बसेल हे आत्ताच ठरवा.

प्रश्न : आम्ही शहादा तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाई 66 वर्षांच्या आहेत, सासरे दहा वर्षांपूर्वी गेले. त्या स्वतःची काही फडकी वेगळी धुतात आणि गोठ्यात आतल्या बाजूला वाळत घालतात. जवळ बसलं की वास येतो. परवा त्यांना उठताना बघितलं, एका हाताने खालून आधार देत होत्या. विचारलं तर रडल्या आणि म्हणाल्या, कुणाला सांगू नको. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या नजरेला हे दिसलं यातच अर्धं काम झालं. तुम्ही वर्णन करता त्यावरून सासूबाईंचं अंग बाहेर येत असावं, म्हणजे गर्भाशय खाली सरकलेलं असावं. बरीच बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर हंडे आणि भारे, वर्षानुवर्षं निंदणीला उकिडवं बसणं, जुना खोकला, बद्धकोष्ठ, आणि पाळी गेल्यावर स्नायूंची ताकद कमी होणं, या सगळ्यामुळे ते होतं. यात लाज वाटण्यासारखं त्यांनी काहीही केलेलं नाही. हे वाक्य त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

गावात पाच-पाच, दहा-दहा वर्षं हे दुखणं लपवणाऱ्या बायका असतात. नवरा असताना त्याला सांगितलं नाही, तो गेल्यावर तर मुलाला कसं सांगणार? शिवाय मनात एक पक्कं बसलेलं असतं, की आता या भागाशी आपला काय संबंध, त्यावर पैसे कशाला. मग फडकं आत सारून त्या कापूस वेचायला जातात. फडकं घासून आतल्या भागाला जखम होते, लघवी अडते किंवा शिंकताना गळते, तिला जंतू लागतात. वास त्याचाच. मग बाई माणसांत बसणं टाळते, लग्नाला जात नाही, एसटीत चढत नाही. घरचे म्हणतात, सासरे गेल्यापासून त्या अबोल झाल्या.

उपाय आहेत, आणि सगळ्यांना शस्त्रक्रिया लागतच नाही. तपासून डॉक्टर आत बसवायची रिंग देतात. रबराची किंवा सिलिकॉनची असते, गर्भाशयाला वर धरून ठेवते. तीन ते सहा महिन्यांनी ती काढून, धुऊन, आतला भाग तपासून पुन्हा बसवावी लागते. ही तारीख चुकवायची नाही. कॅलेंडरवर तुम्हीच खूण करा. जखम असेल तर आधी ती भरून काढतात. अंग पूर्ण बाहेर येत असेल आणि बीपी-शुगर ताब्यात असेल तर शस्त्रक्रिया करतात, 66 हे वय त्यासाठी जास्त नाही. सुरुवातीच्या अवस्थेत लघवी रोखताना आवळतो ते स्नायू रोज आवळून-सोडून व्यायाम केला तरी फरक पडतो.

तुम्हाला जवळ नंदुरबारचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. स्त्रीरोग विभागाची ओपीडी कोणत्या दिवशी ते फोनवर विचारून सकाळी लवकर जा. नवऱ्याला एवढंच सांगा, ‘आईंना लघवीचा त्रास आहे, मी घेऊन जाते.’ बाकी त्यांना सांगायचं की नाही, हे सासूबाई ठरवतील. आत पडद्यामागे तुम्ही त्यांच्या उशाशी उभ्या राहा. लेडी डॉक्टरच हव्यात असं सांगायला संकोचू नका, नर्स व्यवस्था करून देतात. तपासताना त्यांनी तुमचा हात धरला तर धरू द्या.

आणि ती फडकी. आजपासून गोठ्यात नकोत. तुमच्याच दोरीवर, उन्हात. ऊन मिळालं की जंतू कमी होतात. आणि त्यांना घरात लपायचं काही उरत नाही.

प्रश्न : मी 68 वर्षांची, रावेर तालुक्यातली. पती गेल्यावर केळीची शेती आणि घर मुलाच्या नावावर करून दिलं. आता मला मागच्या खोलीत ठेवलंय. गोळ्यांना पैसे मागितले की सून बोलते. मुलगा गप्प बसतो. कोर्टात जायची माझी ताकद नाही आणि मुलाची बदनामीही नको आहे.

उत्तर : मावशी, तुम्हाला कोर्टात जायचं नाही, प्रांताधिकाऱ्यांकडे जायचं आहे. रावेर-यावलचं प्रांत कार्यालय फैजपूरला आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 साली झाला, त्याखाली तिथे न्यायाधिकरण असतं. साध्या कागदावर लिहिलेला अर्ज चालतो. तुम्ही सांगाल ती व्यक्ती किंवा संस्था तुमच्या वतीने अर्ज देऊ शकते. महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्च द्यायचा आदेश होऊ शकतो, आणि नोटीस गेल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. आधी मुलाला बोलावून समेटाचाही प्रयत्न होतो. बऱ्याच घरांत गोष्ट तिथेच मिटते, कारण साहेबांसमोर मुलगा पहिल्यांदा बोलतो.

दुसरं काम, तुम्ही सही केली तो कागद नातवाकडून मोठ्याने वाचून घ्या. बक्षीसपत्र असेल आणि त्यात ‘माझा सांभाळ करील’ अशी अट असेल, तर सांभाळ न केल्यास याच कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर वाट अवघड होते, तरी कागद वकिलाला दाखवा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. इतर वाचकांसाठी इथेच सांगते : हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पती गेला तर त्याच्या मालमत्तेत पत्नीचा मुलामुलींइतकाच हिस्सा असतो. तेराव्याच्या गडबडीत हक्कसोडपत्रावर सही करू नका. सातबाऱ्यावर आईचं नाव राहिलं म्हणून मुलाचं काही कमी होत नाही, आणि आईच्या गोळ्या चालू राहतात.

बदनामीचं म्हणाल तर मावशी, गोळ्या मागणं ही बदनामी नाही. मन घट्ट होत नसेल तर आधी 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोला. सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. ते लोक मुलाशी फोनवर बोलूनही बघतात.

प्रश्न : मी शिंदखेडा तालुक्यातली, वय 61. पुतण्याच्या लग्नात मी पंधरा दिवस राबले. हळदीच्या वेळी जाऊबाई म्हणाल्या, तुम्ही जरा मागे थांबा. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तेव्हापासून कुठेच जावंसं वाटत नाही. हा काही आजार आहे का?

उत्तर : ताई, एवढ्यावरून याला आजार म्हणणार नाही. अपमान झाला आणि तो लागला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं परिपत्रक काढलं. तुमच्या ग्रामसेवकांना विचारा, आपल्या गावाने ठराव केला का. नसेल तर पुढच्या ग्रामसभेत विषय ठेवायला सांगा. बचत गटातल्या चार जणी सोबत असल्या की पुरे. आणि जावेशी एकदा बोलाच. भांडण म्हणून नको, ‘त्या दिवशी मला फार लागलं’ एवढंच. कित्येक जणी रीत म्हणून बोलून जातात, समोरचीचं तोंड त्यांनी बघितलेलंच नसतं. संक्रांतीला तुम्ही स्वतः हळदीकुंकू ठेवा, आणि गावातल्या ज्या बायकांना कुणी बोलावत नाही त्यांना पहिलं बोलावणं द्या.

प्रश्न : माझी आजी 74 वर्षांची, पारोळा तालुक्यात. तिला श्रावणबाळचे पैसे मिळत होते, काही महिन्यांपासून बंद आहेत. बँकेत विचारलं तर तहसीलला जा म्हणतात, तहसीलला विचारलं तर बँकेत. अंगठाही उमटत नाही.

उत्तर : आधी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत जाऊन आजीच्या नावापुढे काय शेरा आहे ते विचारा. हयातीचा दाखला राहिला असेल तर तो देऊन टाका. दाखला दिलेला असेल तर खातं बघा. आता हे 1,500 रुपये थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात. आजीची दोन खाती असतील, एक जुनं आणि एक जनधनचं, तर पैसे शेवटी ज्या बँकेशी आधार जोडलं त्या खात्यात जातात. बऱ्याचदा पैसे बंद नसतात, दुसऱ्याच पासबुकात पडून असतात. दोन्ही पासबुकं भरून आणा.

अंगठा निंदणी-वेचणीने झिजतो, त्यात आजीची काही चूक नाही. आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने घेऊन अपडेट करा, आणि तोवर डोळ्याने, चेहऱ्याने किंवा मोबाईलवरच्या ओटीपीने ओळख पटवायची मागणी करा. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह. आणि पैसे सुरू झाले की ते आजीच्या हातात द्या, घरखर्चात घेऊ नका.

ज्यांच्याकडे पतीचा मृत्यूदाखलाच नाही त्यांनी खटपट सोडू नये. मृत्यूला वर्ष उलटून गेलं असलं तरी नोंद करता येते. 2023 च्या दुरुस्तीनंतर तो आदेश जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. दाखल्याशिवाय ना निराधार योजना, ना वारस नोंद.

यावलच्या भगिनीस : तुमच्या इच्छेप्रमाणे पत्र छापलेलं नाही. पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, मग ते एकदाच आणि डागापुरतं का असेना, तपासून घेतलंच पाहिजे. बऱ्याचदा कारण साधं निघतं, पण गर्भपिशवीच्या कॅन्सरचीही ती पहिली खूण असू शकते आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. केळीची काढणी संपेपर्यंत थांबू नका. या आठवड्यात जा, बहिणीला सोबत न्या, आणि सोनोग्राफी झाल्यावर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायचा का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.